मनातली तालीम

गेल्या अंकातल्या टिपणात एक गोष्ट सांगितली होती : हात जागचा न हलवता तो हलवल्याची नीट कल्पना केली, तरी मेंदूतले हालचालीची आखणी करणारे भाग जागे होतात. त्यावर सातारा आणि सांगली जिल्ह्यांतून बरीच पत्रे आली. बहुतेक पत्रांमागे घरातले एखादे दुखणे आहे. म्हणून या वेळी सदराची सगळी जागा याच विषयाला देत आहोत.

प्रश्न : आमच्या आबांच्या (वय ६१) अंगावरून वारे गेले त्याला साडेचार महिने झाले. उजवा हात खांद्यातून थोडा उचलतात, पण बोटे उघडत नाहीत. फिजिओथेरपीच्या ताई म्हणतात, ‘हात हलतोय असं रोज मनात आणा.’ घरच्यांना ही नुसती समजूत घालणे वाटते. यात खरेच काही आहे का? असेल तर नेमके कसे करायचे?
— एक वाचक, तासगाव

उत्तर : ताई बरोबर सांगत आहेत. हा उपचाराचाच भाग आहे. फक्त तो एकटा पुरत नाही, हाताच्या रोजच्या व्यायामाला जोडूनच करायचा असतो. अशा सरावावर झालेल्या चाचण्यांचा एकत्रित आढावा २०२० साली घेतला गेला. नेहमीच्या व्यायामाला कल्पनेतल्या सरावाची जोड दिली, तर हाताचे काम नुसत्या व्यायामापेक्षा अधिक सुधारते, असे त्यात दिसले.

आधी कारण समजून घ्या, म्हणजे घरच्यांनाही पटेल. पेला उचलायचा म्हटले की मेंदूत आधी आखणी होते आणि मग हुकूम सुटतो. आखणीचे काम डोक्याच्या मध्यावर आतल्या बाजूला असलेला पूरक मोटर भाग, त्याच्या शेजारचा प्रीमोटर भाग, कानाच्या वर-मागे असलेला पराइटल भाग, खोलवरचे बेसल गँग्लिया (चेतापेशींचे पुंजके) आणि मागचा लहान मेंदू असे सगळे मिळून करतात. हुकूम मुख्यतः मोटर कॉर्टेक्समधून, म्हणजे मेंदूच्या पृष्ठभागावरच्या हालचालीच्या पट्ट्यातून, सुटून मज्जारज्जूत उतरतो. कल्पना करताना आखणीवाले सगळे कामाला लागतात, मोटर कॉर्टेक्सही थोडा चाळवतो, पण हुकूम खाली जाऊ दिला जात नाही. लकव्यात पुष्कळदा हुकमाची वाट तुटलेली असते आणि आखणी शाबूत असते. विहिरीवरची मोटर चालू आहे, पाइप मध्येच फुटला आहे, असे समजा. शिल्लक राहिलेल्या आणि शेजारच्या वाटांनी पाणी वळवायला मेंदूला महिने लागतात. तोवर मोटर गंजू द्यायची नाही.

आता कृती. वेळ सकाळची, न्याहारीनंतरची. पंधरा मिनिटे पुरतात. वीसच्या पुढे लक्ष टिकत नाही. अंथरुणावर पडून करू नका, डोळा लागतो. आबांना पाठ टेकेल अशा खुर्चीत बसवा, पाय जमिनीला टेकलेले, उजवा हात समोर टेबलावर उशीवर. त्यांचा रोजचा चहाचा पेला कोमट चहा भरून समोर ठेवा. गरम नको, कारण लकव्याच्या हाताला चटका कळतोच असे नाही.

पहिल्यांदा चांगल्या, म्हणजे डाव्या हाताने पेला सावकाश उचलून पुन्हा ठेवू द्या. दोनदा. काय काय जाणवले ते विचारा : कोपर कधी सरळ झाले, ऊब आधी कुठल्या बोटाला लागली, वजन कुठे जाणवले. मग उजवी बोटे तुम्ही धरून पेल्याभोवती न्या आणि ऊब लागू द्या. त्यानंतर डोळे मिटून, फक्त मनात, उजव्या हाताने : हात उशीवरून पुढे सरकतो, कोपर सरळ होते, मनगट वर येते, अंगठा दूर जातो, बोटे उघडतात, तळव्याला ऊब लागते, बोटे मिटतात, वजन येते, पेला ओठांशी येतो, परत टेबलावर जातो, आणि बोटे सुटतात. असे पाच वेळा, दोन मिनिटे विश्रांती, पुन्हा पाच वेळा. लगेच पाठोपाठ तीच हालचाल प्रत्यक्षात, जमेल तेवढी, डाव्या हाताच्या आधाराने. ही शेवटची पायरी अनेक घरांत गळते, आणि मग ‘काही फरक नाही’ म्हणून सगळेच सोडले जाते.

चुकते ते बहुधा चार ठिकाणी. एक, माणूस स्वतःला समोर पडद्यावर बघितल्यासारखा बघतो. तसे नको, हात आपल्याच खांद्याला जोडलेला आहे आणि आतून जाणवतो आहे, असे हवे. दोन, ‘हात उचलला, पेला घेतला’ असे नुसते शब्द मनात म्हटले जातात. तीन, जोर लावला जातो : खांदा कानाकडे चढतो, मूठ आणखी आवळते. असे दिसले की थांबा, दोन-तीन श्वास सोडू द्या. आवळलेल्या मुठीनिशी केलेल्या सरावात ताठरपणाच घोटला जातो. चार, बोटे सुटण्याचा टप्पा गाळला जातो. लकव्यानंतर पकडण्यापेक्षा सोडणे अवघड असते, म्हणून त्याच टप्प्यावर जास्त वेळ द्या.

कल्पना खरोखर होते आहे का, हे बाहेरून दिसत नाही. पण घड्याळाने तपासता येते. डाव्या हाताने पेला उचलून ठेवायला समजा ६ सेकंद लागले, तर डाव्याच हाताची कल्पनाही ५ ते ७ सेकंदांत संपायला हवी. मनात करायची आणि प्रत्यक्ष करायची हालचाल साधारण सारखाच वेळ घेते, हे चालण्यापासून लिहिण्यापर्यंत अनेक कामांत मोजलेले आहे. आबा २ सेकंदांत ‘झालं’ म्हणाले, तर टप्पे गाळले जात आहेत. उजव्या हाताच्या कल्पनेला डाव्यापेक्षा जास्त वेळ लागला तर ती चूक मानू नका. अधू हात मनातही जड असतो.

आणखी एक. उजवी बाजू गेली म्हणजे इजा मेंदूच्या डाव्या अर्ध्यात, आणि बहुतेकांची भाषाही तिथेच. आबांना लांब सूचना कळत नसतील तर सांगत बसू नका. तुम्ही समोर बसून तीच हालचाल करून दाखवा आणि त्यांना बघू द्या. बघण्यानेही हालचालीचे हे जाळे बऱ्याच अंशी जागे होते. आणि बसते-उठते करताना त्यांचा उजवा हात धरून ओढू नका. सैल खांदा निखळतो आणि मग दुखण्यामुळे सगळाच व्यायाम अडतो.

प्रश्न : डोळे मिटले की मला फक्त अंधार दिसतो. घर, माणसे, काहीच ‘दिसत’ नाही. मग असा सराव मला जमणारच नाही का?
— एक वाचक, वाई

उत्तर : जमू शकतो. मनात चित्र उमटणे आणि मनात हालचाल जाणवणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि या सरावात दुसरीचे काम जास्त. आत्ताच करून बघा : बसल्या जागी, हात न हलवता, ओला टॉवेल दोन्ही हातांनी पिळल्याची जाणीव आणा. मनगटे एकमेकांच्या उलट फिरताना जाणवली, कोपर ते मनगट यांमधल्या स्नायूंत ओढ आल्यासारखी वाटली, तर झाले. नसेल जाणवत, तर खराच टॉवेल पाच वेळा पिळा, ठेवा, आणि दहा सेकंदांच्या आत पुन्हा मनात करा. ताजी जाणीव लवकर विरते, म्हणून खरे आणि मनातले आलटून-पालटून करायचे.

प्रश्न : मी कराडजवळच्या गोळेश्वरचा, खाशाबा जाधवांच्या गावचा. गुडघ्याचे लिगामेंट तुटून ऑपरेशन झाले. कुस्ती कित्येक महिने बंद. वस्ताद म्हणतात, ‘मनात लढत राहा.’ ताकद टिकेल का?
— एक पैलवान, वय २०

उत्तर : ताकदीचे दोन हिस्से असतात : स्नायूची जाडी, आणि त्या स्नायूला मेंदू किती जोराने व किती एकसाथ कामाला लावतो ते. कल्पनेने दुसरा हिस्सा राखता येतो, पहिला नाही. १९९२ साली ग्वांग यू आणि केली कोल यांनी करंगळी बाजूला ढकलण्याच्या ताकदीवर चार आठवडे, आठवड्यात पाच दिवस प्रयोग केला. प्रत्यक्ष व्यायाम करणाऱ्यांची ताकद ३० टक्क्यांनी वाढली, नुसती कल्पना करणाऱ्यांची २२ टक्क्यांनी, आणि काहीच न करणाऱ्यांची जेमतेम ४ टक्क्यांनी. मात्र ती होती करंगळी. मांडीसारख्या मोठ्या, रोज वापरातल्या स्नायूवर इतका फरक पडेल, असे धरून चालू नका.

मांडी बारीक होणारच. गुडघ्याच्या वाटीच्या वर दहा सेंटिमीटरवर खूण करून दर रविवारी दोन्ही मांड्यांना टेप लावा आणि आकडे लिहून ठेवा. फिजिओथेरपिस्टने मांडी आवळण्याचे जे व्यायाम दिले असतील, त्यांच्या प्रत्येक फेरीआधी तीच आवळण मनात पाच वेळा करा. ऑपरेशननंतर सुजलेल्या गुडघ्यामुळे मांडीचा स्नायू ‘उठत’ नाही. त्या काळात ही जोड विशेष कामाची आहे.

डावांचे वेगळे. डाव मनात खेळताना जागा, कपडे, वास, वेळ सगळे खऱ्यासारखे ठेवा. शक्य असेल तर तालमीत जाऊन आखाड्याच्या कडेला बसा. ताक, तेल, हळद घातलेल्या मातीचा वास नाकात असू द्या. एकेरी पट घ्यायचा तर : समोरच्याचा तळवा मानेवर पडतो, त्याचे वजन पुढच्या पायावर येते, तुम्ही मान सोडवून खाली जाता, गुडघा मातीला टेकतो, खांदा त्याच्या मांडीला भिडतो, दोन्ही हात त्याच्या गुडघ्यामागे बांधले जातात. हे सगळे खऱ्या वेगाने. सावकाश चित्रपटासारखे घोळवले तर टायमिंगही सावकाशीचेच मुरते. दिवसाला दोन-तीन डाव, प्रत्येकी आठ-दहा वेळा. त्याहून जास्त नको.

आणि तुमच्या अंगात बसलेलेच डाव घ्या. उंच उडीच्या खेळाडूंवर स्वीडनमध्ये अभ्यास झाला. सरावलेल्या खेळाडूंनी उडीची कल्पना केली तेव्हा त्यांच्या मेंदूचे मोटर भाग जागे झाले. नवख्यांच्या मेंदूत मात्र मुख्यतः बघण्याचे भाग जागे झाले. म्हणजे कधी न मारलेला कलाजंग डाव मनात कितीही मारला, तरी ते नुसते बघणेच होते. चितपट होण्याचे चित्र परत परत येत असेल तर ते ढकलत बसू नका. डाव जिथवर नीट जमतो तिथे मागे या आणि तिथून पुढे खेळा.

प्रश्न : मी मिरजेत सतार शिकते. रोज सांगलीला एसटीने जाते. प्रवासातला मनातला रियाज मोजायचा का?
— एक विद्यार्थिनी

उत्तर : मोजा, पण पूरक म्हणून. आल्व्हारो पास्क्वाल-लिओने यांच्या १९९५ सालच्या प्रयोगात पियानोवरचा पाच बोटांचा एक पाठ लोकांनी पाच दिवस, रोज दोन तास घोटला. निम्म्यांनी तो प्रत्यक्ष वाजवला, निम्म्यांनी फक्त मनात. मनात वाजवणाऱ्यांचीही मेंदूतली बोटांची जागा रुंदावली. पाचव्या दिवशी त्यांची सफाई वाजवणाऱ्यांच्या तिसऱ्या दिवसाइतकी होती. सकाळी घरी वाजवलेला पलटाच (स्वरांचा सरावाचा तुकडा) गाडीत घ्या, बोटांखाली तार आणि पडदा जाणवेल इतक्या लयीत. मींड (तार ओढून एका सुरावरून दुसऱ्यावर जाणे) मात्र गाडीत पक्की होत नाही, ती कानाने दुरुस्त करायची गोष्ट आहे.

प्रश्न : कडबाकुट्टीत माझा डावा हात मनगटाच्या वर गेला. दोन वर्षे झाली. नसलेली मूठ आवळलेली राहते, नखे तळव्यात रुतल्यासारखे दुखते, रात्री जास्त. लोक म्हणतात मनाचे खेळ आहेत.
— एक शेतकरी, कवठेमहांकाळ तालुका

उत्तर : दुखणे खरे आहे. हात गेला तरी मेंदूतली हाताची जागा गेलेली नाही. नसलेली बोटे उघडायचा प्रयत्न केला की स्कॅनमध्ये तीच जागा उजळताना दिसते. हुकूम जातो, पण ‘उघडली’ असा निरोप परत येत नाही, आणि मूठ मिटलेलीच राहते, असा याचा एक अर्थ लावला जातो. आधी खुंटाची टोके डॉक्टरांना दाबून तपासायला सांगा. कापलेल्या नसेची गाठ झाली असेल तर तिचा इलाज निराळा असतो.

त्यानंतर तीन पायऱ्या, प्रत्येकीला साधारण दोन आठवडे, आणि क्रम बदलायचा नाही. पहिली : वेगवेगळ्या कोनांतले हातांचे फोटो बघून हा डावा की उजवा, हे झटकन सांगणे. घरातल्या मुलांकडून मोबाइलवर पन्नास-साठ फोटो काढून घ्या, डावे-उजवे मिसळून. दहापैकी आठ-नऊ बरोबर आणि प्रत्येकी दोनेक सेकंद, इथवर येऊ द्या. दुसरी : नसलेला हात मनात सावकाश हलवणे, आधी सुखाचे कोन, मूठ उघडायचा प्रयत्न न करता, आठवड्याने बोटे एकेक करून उघडणे. तिसरी : आरसा. काचवाल्याकडून साधारण दीड फूट बाय दोन फुटांचा आरसा कडा घासून आणा आणि छातीसमोर टेबलावर उभा करा. खुंट आरशामागे, उजवा हात पुढे. उजव्या हातातले घड्याळ, अंगठी, दोरा काढून ठेवा. नाहीतर प्रतिबिंब ‘माझा डावा हात’ म्हणून पटत नाही. मूठ सावकाश उघडा-मिटा, आणि मनात दोन्ही हात एकत्र उघडा. पाच ते दहा मिनिटे, दिवसातून काही वेळा.

मेंदूशास्त्रज्ञ व्ही. एस. रामचंद्रन यांनी १९९० च्या दशकात ही आरशाची युक्ती पुढे आणली. घाईने थेट आरशावर गेल्यास काहींचे दुखणे वाढते, म्हणून आधीच्या दोन पायऱ्या. वाढलेच तर एक पायरी मागे या. सगळ्यांना गुण येतो असे नाही. सहा-आठ आठवड्यांत फरक नसेल तर औषधांचा मार्ग उघडा आहेच.

प्रश्न : आम्ही सांगलीत अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहोत. आठ चॅनलच्या ईईजी (डोक्यावरून मेंदूतले विद्युत संकेत टिपणाऱ्या) बोर्डावर ‘डावा हात की उजवा हात’ ही कल्पना ओळखायचा प्रकल्प घेतला. अचूकता ५२ टक्क्यांच्या वर जात नाही. कुठे चुकत असेल?

उत्तर : दोन पर्यायांत ५२ म्हणजे छापा-काटाच. एकूण ८० चाचण्या (कल्पनेच्या फेऱ्या) असतील तर ५९-६० टक्क्यांपर्यंतचा आकडाही निव्वळ योगायोगाने येऊ शकतो. अल्गोरिदमला हात लावण्याआधी खालून वर या.

पहिली कसोटी : कल्पना सोडा, खरी मूठ उघड-मीट करून रेकॉर्ड करा. उजव्या मुठीच्या वेळी डावीकडच्या सी-थ्री या इलेक्ट्रोडच्या ठरलेल्या जागेवर ८ ते १३ हर्ट्झची शक्ती घसरली पाहिजे. डाव्या मुठीला उजवीकडच्या सी-फोरवर. खऱ्या हालचालीलाच हे दिसत नसेल तर दोष इलेक्ट्रोडमध्ये आहे. जागा अंदाजाने घेऊ नका. शिंप्याचा टेप घ्या. नाकाच्या मुळापासून डोक्यामागच्या उंचवट्यापर्यंतचा मध्य आणि एका कानापुढच्या खळगीपासून दुसऱ्या कानापर्यंतचा मध्य जिथे छेदतात, ते सी-झेड, म्हणजे डोक्याचा मध्यबिंदू. तिथून कान-ते-कान अंतराच्या २० टक्के डावीकडे सी-थ्री, तेवढेच उजवीकडे सी-फोर. हे अंतर ३६ सेंटिमीटर असेल तर ७.२ सेंटिमीटर. बाकीचे चॅनल कपाळावर वाया न घालवता या दोहोंच्या पुढे-मागे लावा.

केसांना तेल हे आपल्याकडचे सर्वांत मोठे कारण. आदल्या रात्री शांपू, सकाळी तेल नाही, कंडिशनरही नाही. केस बाजूला सारून त्वचा जेलने हलकी घासा. इलेक्ट्रोड आणि त्वचा यांमधला रोध शक्यतो ५ किलोओहमच्या खाली आणा. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा. ८ ते ३० हर्ट्झचा फिल्टर विजेच्या तारांची ५० हर्ट्झची घरघर कापतो, पण ती फार मोठी असेल तर एखादा संपर्क सुटलेला आहे, ही खूण समजा.

मग माणूस. दात आवळले की जबड्याच्या स्नायूंचा आवाज बीटा पट्ट्यात (१३ ते ३० हर्ट्झ) घुसतो. ओठ मिटलेले, दात सुटे ठेवा. डोळे उघडे ठेवा, कारण मिटले की डोक्यामागची १० हर्ट्झची अल्फा लाट उसळते आणि सगळ्यावर पसरते. सूचना ‘उजवीकडे विचार करा’ अशी असेल तर ती बदला. ‘उजव्या हाताने लिंबू पिळा’ असे सांगा, आणि आधी खरे लिंबू पिळायला द्या. पडद्यावर दोन सेकंद फुली, मग डाव्या-उजव्याची खूण, चार सेकंद कल्पना, मग दोन ते चार सेकंदांची अनियमित विश्रांती. खुणेनंतरचे ०.५ ते २.५ सेकंद आधी तपासा. कल्पना संपल्यावर २० हर्ट्झच्या आसपास बीटा उसळी घेते. ती तपासायच्या सेकंदांत आली तर सरासरी बिघडते. कोपर ते मनगट यांमध्ये एक स्नायूचा चॅनल लावा, म्हणजे कोणी नकळत मूठ आवळत असेल तर कळेल.

आणि एकाच चाचणीचे तुकडे अल्गोरिदमला शिकवण्यात व तपासण्यात विभागू नका. तसे केले की ९० टक्के येतात आणि प्रात्यक्षिकाच्या दिवशी कोसळतात. एवढे करूनही १५ ते ३० टक्के लोकांत हा संकेत पुरेसा उमटत नाही, म्हणून एकाच मित्रावर अडून बसू नका, पाच-सहा जण घ्या.

प्रश्न : महामार्गावरच्या अपघातानंतर माझा भाऊ (वय ३४) चार महिने डोळे उघडतो, पण ओळख देत नाही. वाचले, की अशा रुग्णांना ‘खेळण्याची कल्पना करा’ सांगून आतली जाग तपासतात. खरे आहे का?
— एक वाचक, कोरेगाव

उत्तर : खरे आहे. २००६ साली एड्रियन ओवेन आणि सहकाऱ्यांनी २३ वर्षांच्या एका तरुणीला स्कॅनरमध्ये ‘टेनिस खेळत आहात अशी कल्पना करा’ असे सांगितले. अपघाताला पाच महिने झाले होते आणि बाहेरून काहीच प्रतिसाद नव्हता. तिचा पूरक मोटर भाग निरोगी माणसासारखाच उजळला. ‘स्वतःच्या घरातून फिरा’ म्हटल्यावर वेगळे भाग उजळले. २०१० साली ५४ रुग्णांपैकी ५ जणांत असे दिसले. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात, आज्ञेला बाहेरून प्रतिसाद न देणाऱ्या २४१ जणांपैकी ६० जणांचा मेंदू आज्ञा पाळत होता. उलट बाजूही लक्षात घ्या : संकेत दिसला नाही म्हणजे आत कोणी नाही, असे ठरत नाही. झोप, औषधे, न कळलेली सूचना, काहीही आड येते. शिवाय ही रोजची तपासणी नाही, ती मोजक्या संशोधन केंद्रांत होते.

घरी करता येण्यासारखे बरेच आहे. चेहऱ्यासमोर हातभर अंतरावर आरसा धरा आणि तो हळूच डावीकडे-उजवीकडे, वर-खाली न्या. नजर मागे येते का बघा. स्वतःचा चेहरा हा दिव्यापेक्षा चांगला लक्ष वेधतो. एका वेळी एकच सूचना द्या, आणि निदान दहा-पंधरा सेकंद वाट पाहा. ‘हात दाब’ असे सांगू नका. तळव्याला बोट लागले की मूठ आपोआप आवळते, आणि घरच्यांना तो प्रतिसाद वाटतो. हाताला स्पर्श न करता ‘अंगठा वर कर’ सांगा, किंवा मूठ मिटलेली असताना ‘सोड’ सांगा. अंग सैल करणाऱ्या आणि झटक्यांच्या गोळ्यांनंतरचा काळ टाळा. सकाळी अंग पुसून, बसते करून झाल्यावर बघा. त्याच्या उशाशी त्याच्याबद्दल असे काही बोलू नका, जे तो जागा असताना तुम्ही बोलला नसतात. तारीख, वेळ, सूचना कोणती, किती सेकंदांनी काय झाले, दहा वेळांपैकी किती वेळा, हे वहीत मांडा आणि पुढच्या तपासणीला ती वही डॉक्टरांसमोर ठेवा.